उलट्या नकाशातली पिंपरी

सुमनताई साळवे यांचं नाव सगळ्यात आधी लिहून ठेवतो. पुढं मी रागानं बरंच काही लिहिणार आहे, आणि त्या भरात त्यांचं नाव राहून जाईल अशी मला धास्ती वाटते. मला कशाचीही धास्ती वाटते, हे माझ्या ओळखीचं कुणीही सांगेल. सुमनताई आमच्या वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचं, हे त्यांचं काम. तेव्हा राहायला दापोडीला. घरातल्या पहिल्या मॅट्रिक. आज मी पिंपरीत कायम कामगार आहे, उदगीरला मेहुण्याच्या टपरीवर सुपारी कातरत बसलेलो नाही, ते त्यांच्यामुळं.

आता राग.

परवा सायकलवरून शाळेपुढून चाललो होतो. फाटकाशी परीक्षेची पोरं उभी होती. काखेत पुठ्ठ्याचं पॅड, खिशाला दोन पेनं, कपाळावर आईनं लावलेलं कुंकू घामानं नाकावर ओघळलेलं. मला हा हंगाम सोसत नाही. आठवीतून शाळा सुटली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी चैत्राचं ऊन तापायला लागलं, गुलमोहराला शेंड्यावर लाल ठिपके दिसायला लागले, की मी पुन्हा आठवीच्या बाकावर बसलेला असतो. त्या फाटकासमोर एक पेपरवाला बसतो. त्याच्या दोरीला चिमट्यानं मासिकं टांगलेली असतात, आणि त्यात परवा ती अंतराळकथांची मालिकाही होती. नवा अंक. मुखपृष्ठावर पिंपरी जळत होती. पुन्हा.

या मालिकेचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्याकडून तिला फुकटची जाहिरात व्हायला नको. मी तिसरीत होतो तेव्हापासून ती निघते आहे. लेखक बदलले, कागद पिवळ्याचा पांढरा झाला, पण अंतराळातला कप्तान तोच आणि शहरही तेच. पुढच्या कुठल्याशा शतकात माणसं ग्रहांवर ये-जा करू लागली आहेत, आणि त्यांची सगळी आकाशयानं तयार होतात आमच्या पिंपरीत. ऐकायला बरं वाटतं. पण यानं बनतात पिंपरीत आणि उडतात मात्र पुण्यातल्या टेकडीवरून. कप्तान पुण्याचा. शास्त्रज्ञ पुण्याचे. कप्तानाची होणारी बायको, जी कधीच होत नाही, तीसुद्धा पुण्याची. पिंपरीत काचेचा मोठा घुमट आहे, आणि घुमटाखालच्या तळघरात राहतात यानं बनवणारे ‘हातवाले’. हातवाल्यांना नाव नसतं, नंबर असतो. ते ‘व्हय जी’ आणि ‘न्हाई जी’ एवढंच बोलतात, आणि वाचकानं तिथं हसायचं असतं.

आणि लेखकाला काही सुचेनासं झालं की तो पिंपरीवर हल्ला आणतो. दर तीन-चार अंकांमागं एकदा ती बेचिराख होते. घुमट फुटतो, भोंगा वाजतो, हातवाले मरतात, कप्तान डोळे मिटून एक सुस्कारा टाकतो. पुढच्या अंकात पिंपरी पुन्हा उभी. यानं पुन्हा तयार.

मी उदगीरला असताना हे सगळं तोंड उघडं ठेवून वाचायचो, हे कबूल करतो. एसटी स्टँडवर जुने अंक मिळायचे. शाळेत गेलेली पोरं परत यायच्या आत मी दोन अंक संपवलेले असायचे. मला वाटायचं, मराठवाड्याबाहेर एक गाव आहे तिथं हातानं काम करणाऱ्याला चंद्राचं काम मिळतं. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर त्या पिंपरीचा नकाशा असायचा. नदी, रेल्वे, मोठा रस्ता, देऊळ, कारखान्यांचा पट्टा. सगळी नावं खरी. मी तो पाठ केला होता. शाळेत भारताच्या नकाशात गोदावरी काढताना छड्या खाल्लेला मी, पण पवना नदी डोळे मिटून काढायचो.

तो नकाशा उलटा होता.

म्हणजे आरशात दिसावा तसा. पहिल्याच अंकाच्या वेळी छापखान्यात चित्राचा ठसा उलटा झाला असणार, आणि नावं मागाहून छपाईच्या खिळ्यांनी बसवली म्हणून ती तेवढी सुलटी राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या लेखकांनी तो नकाशा समोर ठेवून गोष्टी लिहिल्या आणि त्या विश्वात पवना कायमची चुकीच्या अंगानं वाहू लागली. पुण्याकडून मुंबईच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं, तर खरी नदी डाव्या हाताला आणि कारखाने उजव्या. मालिकेत बरोबर उलटं.

गाव सोडून पहिल्यांदा इकडं आलो त्या दिवशी मामाच्या ओळखीनं एका मोठ्या कंपनीच्या गेटवर सकाळी आठला उभं राहायचं होतं. चिंचवड स्टेशनला उतरलो, पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली आणि नकाशाप्रमाणं चालू लागलो. कुणाला विचारलं नाही. विचारायची लाज, आणि नकाशा होता ना. चालता चालता घरं जुनी होत गेली, मग देवळाचं शिखर दिसलं, मग पाणी. घाटावर बायका धुणं धूत होत्या.

एकीनं विचारलं, “कुठं निघालास रं, ट्रंक घिऊन?”

“कंपनीकडं जायलो,” मी म्हणालो.

“जायलो!” दुसरी हसली. “आरं, कंपनी तिकडं ऱ्हायली, रेल्वेच्या पल्याड. हिकडं निस्ता देव हाय.”

सगळा घाट हसला. मी धावत परत गेलो तेव्हा गेट बंद झालं होतं, आणि वॉचमन म्हणाला, भरती उरकली. तेव्हापासून मी त्या मालिकेचा वैरी आहे.

नंतर मला एका लहान वर्कशॉपमध्ये टेंपररी फिटर म्हणून घेतलं. ट्रकच्या दरवाज्याच्या बिजागऱ्या आणि असलेच तुकडे आम्ही बनवायचो. या गावाविषयी लोक फार गोड बोलतात, औद्योगिक नगरी वगैरे. मी तिथं तीन उन्हाळे टेंपररी काढले, मला विचारा. वर पत्रा, खाली लोखंड, मध्ये आम्ही. वारा फिरला की औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास यायचा आणि डबा उघडावासा वाटायचा नाही. मला कुणी नावानं हाक मारत नसे. माणिक हे नाव सोपं आहे, दोन मिनिटांत पाठ होतं, पण नाही. “ए उदगीर, इकडं ये. ए उदगीर, पान्हा दे.” मालिकेतल्या हातवाल्यांना निदान नंबर तरी होता.

‘उदगीर’ हे नाव ठेवलं नाईक फोरमननी. खाकी डगला, कानामागं पेन्सिल, आणि हातात कुणाचा तरी बिघडलेला तुकडा. त्यांना काम येत होतं, मी खोटं सांगणार नाही. पण आपल्याला जे येतं त्याच्याबाहेर जगात काही असू शकतं, हे त्यांना मान्य नव्हतं.

माझ्या शेजारच्या व्हाइसवर, म्हणजे तुकडा पकडायच्या शिकंज्यावर, दौलत होता, मूळ पिंपरी गावातला. त्यांच्या जमिनीवरच कुठल्यातरी कंपनीची भिंत उभी होती. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडून मालिका घेऊन वाचायचा, आणि वाचता वाचता भडकायचा.

“आरं उदगीर, गेल्या अंकात पिंपरी जळली व्हती का न्हाई?”

“जळाली की.”

“मंग या अंकात परत कशी हाय? बांधली कुनी?”

“लिहिलं नाही.”

“लिवलं न्हाई म्हंजे? एवढा घुमट काय आपोआप उगवला? आळंबी हाय का ती?” त्यानं अंक माझ्या डब्यावर आपटला. “दोन अंकांच्या मधी आमीच बांधली आसंल. म्हनून लिवलं न्हाई.”

मी हसलो तेव्हा. आता हसू येत नाही. इतकी वर्षं चाललेल्या त्या विश्वात हजारो पानं आहेत, युद्धं आहेत, तह आहेत, कप्तानाच्या मनाची घालमेल आहे. पिंपरी पुन्हा बांधल्याचं एक पान नाही. शाईनं छापलेल्या दोन अंकांच्या मधला जो कोरा महिना, त्यात आम्ही राहतो.

आणीबाणी उठली तो उन्हाळा. भिंतीवरच्या निवडणुकीच्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या, आणि लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते, निदान चहाच्या टपरीवर. आमच्या वर्कशॉपला एक नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांची ड्रॉइंग परदेशी. मला बिजागरीच्या तुकड्यांची एक पूर्ण पेटी दिली होती, आणि मी ती मान मोडून घासली. आठ दिवसांनी पेटी परत आली. सगळे तुकडे उलट्या हाताचे. डाव्या दाराला लागायचे ते उजव्या दाराचे झाले होते.

नाईक फोरमननी मला मधोमध उभं केलं. ड्रॉइंग उघडूनही न बघता एक तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला.

“उदगीरला चपलासुद्धा उलट्या घालतात काय रे?”

लोक हसले. दौलत हसला नाही, त्यानं खाली मान घातली.

“पंधरा दिवसांनी ट्रेड टेस्ट आहे,” फोरमन म्हणाले. “त्यात एक तुकडा असा निघाला, की संध्याकाळची गाडी. ट्रंक आहे ना अजून?”

ट्रंक होती. मी ती कधी पूर्ण रिकामी केलीच नव्हती. टेस्ट पास झालं तर कायम, नाहीतर उदगीर, एवढंच त्या उन्हाळ्यात होतं. बाहेर परीक्षेची पोरं पाठ केलेलं पुटपुटत जायची, आणि मला काय पाठ करायचं तेच कळत नव्हतं. मी ते ड्रॉइंग शंभरदा पाहिलं. मला शिकवलं होतं तसंच मी काम केलं होतं.

सुमनताई ड्रॉइंग ऑफिसातून खाली आल्या त्या एका प्रिंटच्या कामाला. त्यांच्या अंगाला कायम अमोनियाचा वास असायचा, प्रिंट काढायच्या मशीनचा. मी भंगाराच्या पेटीशी उभा होतो.

“माणिक ना तू?” त्या म्हणाल्या.

नाव ऐकून मी आधी मागं वळून पाहिलं.

“या ड्रॉइंगमध्ये उजवीकडं जे चित्र आहे, ते तू कुठल्या बाजूचं धरलंस?”

“डाव्या. शिकवलंय तसंच.”

“कुणी?”

मी नाईक फोरमनकडं पाहिलं. त्यांनीही तिकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “जेवायच्या सुट्टीत वर ये. येताना ते तुझं अंतराळाचं पुस्तक आण. दौलतकडं पाहिलं मी. त्यात नकाशा आहे ना?”

मला वाटलं आता इथंही टिंगल होणार. तरी गेलो. त्यांनी मालिकेच्या त्या शेवटच्या पानावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि दहा मिनिटांत अख्खी पिंपरी शाईनं उतरवली. नदी, रेल्वे, रस्ता. मग कागद उचलून खिडकीच्या काचेला लावला. एप्रिल महिन्याचं ऊन मागून आलं.

“ही तुझ्या पुस्तकातली. आता बघ.”

त्यांनी कागद फिरवून मागची बाजू पुढं केली. आणि तिथं माझं गाव उभं राहिलं. नदी डावीकडं गेली, कारखाने उजवीकडं आले. घाट जिथं असायला हवा तिथं होता. मी पहिल्या दिवशी चालत गेलो तो सगळा चुकीचा रस्ता त्या काचेवर सरळ झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी म्हणालो, अमोनिया लई आहे इथं.

“रेघा त्याच आहेत,” त्या म्हणाल्या. “कुठल्या बाजूनं बघायचं ते आधी ठरवावं लागतं. ड्रॉइंगच्या दोन पद्धती असतात. एकीत उजवं अंग उजवीकडं काढतात, दुसरीत डावीकडं. कुठली पद्धत आहे ते या कोपऱ्यात एक बारीक खूण सांगते. ही बघ, निमुळता पेला आणि शेजारी दोन गोल; गोल पेल्याच्या कुठल्या अंगाला आहेत त्यावरून पद्धत कळते. आपली जुनी सगळी ड्रॉइंग एकाच पद्धतीची, म्हणून इथं खूण बघायची कुणाला सवयच नाही. नवीन गिऱ्हाइकाची दुसरी आहे.”

“म्हणजे नाईकसाहेब—”

“म्हणजे तू गप्प राहा. तुझी टेस्ट व्हायची आहे.”

त्यानंतर रोज सुट्टीत वर जायचो. त्या डबा खाता खाता मला एकेक ड्रॉइंग दाखवायच्या आणि आधी कोपरा बघायला लावायच्या. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी ट्रेस केलं, कुणी तपासलं. एकदा मी विचारलं, हे तर तुम्ही काढलंय, मी पाहिलं पेन्सिल चालवताना, मग ‘काढलं’च्या पुढं तुमच्या ऑफिसातल्या साहेबांची सही कशी? त्या म्हणाल्या, “मी ट्रेसर आहे ना. ट्रेसर काढत नाही.” ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी त्यांचा अर्ज गेला होता. ती जागा मिळाली की त्या पहिल्या चौकटीत सही करणार होत्या. त्याची त्यांनी सवय करून ठेवली होती; रद्दी कागदांच्या मागं त्या बारीक अक्षरांत सु. सा. लिहायच्या.

टेस्टच्या दिवशी नाईक फोरमननी मला मुद्दाम नव्या गिऱ्हाइकाचंच ड्रॉइंग दिलं. मी कोपरा बघितला. दुसऱ्या पद्धतीची खूण. म्हणजे खरा तुकडा डाव्या हाताचा. आणि फोरमन वाचणार ते उजव्या हाताचा. त्यांना हवा तसा घासला तर पास आणि खरा घासला तर उदगीर. सकाळचे पहिले दोन तास मी तुकड्याला कानस लावली नाही, नुसता व्हाइस पुसत बसलो. शेजारून दौलत म्हणाला, “आरं, लाव की कानस. भोंगा व्हईल.” मला घाटावरच्या बायकांचं हसणं आठवलं. एकदा चुकलेला नकाशा धरून चालून झालं होतं. मी खरा घासला.

संध्याकाळी मोठे साहेब आले, मालक. फोरमननी माझा तुकडा उचलला, ड्रॉइंगशी धरला आणि त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं. दुसऱ्याचं वाईट होताना ज्यांचा चेहरा खुलतो अशी माणसं मी तिथं बरीच पाहिली, पण तो चेहरा विसरलो नाही.

“उलटं,” ते म्हणाले. “पुन्हा उलटं, साहेब. सांगितलं होतं मी.”

मी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं. कुणी तिकडं बघितलं नाही. मोठे साहेब सही करायला पेन काढतच होते, तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला. सुमनताई आल्या. हातात गिऱ्हाइकानं नमुना म्हणून पाठवलेला तुकडा.

“साहेब, सही करायच्या आधी हे दोन शेजारी ठेवा.”

“बाई, तुम्हाला कुणी बोलावलं?” फोरमन म्हणाले.

“कुणी नाही. ड्रॉइंग मी ट्रेस केलंय, म्हणून आले.”

मोठ्या साहेबांनी दोन्ही तुकडे तळहातावर ठेवले. तंतोतंत. मग त्यांनी सुमनताईंना विचारलं, मग ती पेटीभर चूक कुणाची? सगळं वर्कशॉप थांबलं होतं. त्या नुसतं ‘माहीत नाही’ म्हणू शकल्या असत्या.

“शिकवणाऱ्याची,” त्या म्हणाल्या. “काम करणाऱ्याची नाही.”

मी कायम झालो. दौलतनं मला त्या दिवशी पहिल्यांदा माणिक म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उदगीर. ट्रंक रिकामी केली. आणि सुमनताईंच्या अर्जावर वर्कशॉपचं मत मागवलं गेलं. ते मत द्यायचं होतं नाईक फोरमननी. त्यांनी लिहिलं की बाई कामात ठीक, पण स्वभाव भांडखोर. जागा दुसऱ्या एकाला मिळाली, त्याला अजून खूण बघायची सवय नाही. सुमनताई ट्रेसरच राहिल्या. पुढं तळेगावच्या एका कारखान्यात गेल्या, तिथंही ट्रेसर.

जायच्या आधी आम्ही एक गोष्ट केली. तो सुलटा केलेला नकाशा मालिकेच्या पत्त्यावर टपालानं पाठवला, सोबत नम्र पत्र. दोन अंकांनंतर वाचकांच्या पत्रांत उत्तर छापून आलं: आमच्या विश्वातली पिंपरी अशीच आहे, वाचकांनी आपली पिंपरी तपासून पाहावी. सुमनताईंनी ते वाचलं आणि पोट धरून हसल्या. मी हसलो नाही. मी आजही हसत नाही. ज्यांनी कधी या पत्र्याखाली एक दुपार काढली नाही, त्यांनी आमचं गाव उलटं काढायचं, आम्हाला नंबर द्यायचे, हवं तेव्हा जाळायचं, आणि वर आम्हालाच तपासायला सांगायचं! पुण्यातली शिकली-सवरली माणसं ते वाचून म्हणतात, काय कल्पनाशक्ती! मला त्या कल्पनाशक्तीचा राग आहे. तिला ग्रह दिसतात, घुमट दिसतो. जिन्यावरून नमुन्याचा तुकडा घेऊन उतरणारी बाई दिसत नाही.

परवाचा अंक मी विकत घेतला. दर महिन्याला घेतो. शेवटचं पान आधी उघडतो. पवना अजून चुकीच्या अंगानं वाहते.

सुमनताई, आता हे तुम्हाला सांगतो: दौलत आणि मी चाकणच्या बाजूला स्वतःच्या वर्कशॉपची एक शेड टाकायचं बोलतो आहोत. कांद्याच्या बाजारापलीकडं त्याच्या मावशीची पडीक जागा आहे. अजून नुसतं बोलणंच आहे. मला तर रोज वाटतं, होणार नाही, काहीतरी आडवं येईल. पण मी दर रविवारी ड्रॉइंगच्या वर्गाला जातो, आणि कोपरा आधी बघतो. शेड झाली तर तिथं एक टेबल असेल, उत्तरेच्या खिडकीशी, तुम्हाला उजेड तसाच लागतो. त्या टेबलावरनं जे पहिलं ड्रॉइंग निघेल, त्याच्या कोपऱ्यातली ‘काढलं’ ही चौकट मी कोरी ठेवीन, आणि पेन घेऊन तळेगावला तुमच्या दारात येईन. सु. सा. एवढीच दोन अक्षरं तुम्ही लिहायची. रस्ता मी चुकणार नाही.